जेठाचा रिपोर्ट

बुऱ्हाणपूरच्या सरकारी दवाखान्यात रंभाबाईच्या नादी सहसा कोणी लागत नसे. रांग मोडून पुढं घुसणारा पुढारी असो, की रक्त काढताना डोळे मिटून ओरडणारा गडी असो, ती कोणाचीच भीड ठेवत नसे. "सुई पाहून रडू राहिला? अन् बायकोवर हात उगारताना तर मोठा शेर असतो घरी!" असं ती भरल्या खोलीत म्हणायची, आणि तो गडी मुकाट्यानं बाही वर करायचा. आठ नंबरची खोली तिची. म्हणजे कागदोपत्री ती काउन्सेलर मॅडमची आणि रक्त तपासणाऱ्या सुधाकरची; पण मॅडम भोपाळकडच्या, त्यांना इथली बोली कळेना, आणि सुधाकरच्या तोंडून दिवसात चार शब्द निघाले तर शपथ. मग पेशंटला समजावून सांगायचं काम हळूहळू मदतनीस रंभाबाईच्या गळ्यात पडलं आणि तिनं ते आवडीनं घेतलं.

पूर्वी एचआयव्हीची जांच मागच्या दाराला व्हायची. लोक तोंडाला रुमाल गुंडाळून यायचे, आणि रुमाल दिसला की बाहेरचा चहावालासुद्धा ओळखायचा की हा कुठं निघाला. पुढं सरकारला अक्कल सुचली. गरोदर बाया, टीबीचे, ऑपरेशनचे, सगळ्यांचं रक्त एकाच खोलीत तपासायचं ठरलं आणि दारावर 'एकीकृत' अशी हिंदी पाटी लागली. कोण कशासाठी आलं ते कोणाला कळू नये, हा हेतू. रंभाबाईला ही गोष्ट फार पटली होती. तिचं आयुष्य गावाला काहीतरी 'कळल्यामुळं' मातीत गेलं होतं, आणि जे कळलं होतं ते धादांत खोटं होतं.

एवढी तिखट बाई कशी झाली म्हणून विचाराल, तर ऐका. कोणी आईच्या पोटातून तिखट येत नाही.

शाहपूरच्या पलीकडं, केळीच्या बागांतलं तिचं सासर. नवरा कौतिक. चौऱ्याण्णव साली केळीची भरलेली गाडी उलटली, त्यात त्याच्या मांडीचं हाड मोडलं. इंदूरला नेलं, दोन बाटल्या रक्त चढवलं. त्या काळात रक्त विकणारे दवाखान्याच्या फाटकाशीच उभे असायचे. कोणाचं रक्त, कसलं रक्त, कोण बघतो! पाच वर्षांनी कौतिक खंगत खंगत गेला, आणि जाता जाता रिपोर्टात एचआयव्ही निघाला. गावानं बाटलीची चौकशी केली नाही, कौतिकच्या चालीची केली. "गाड्यांवर दिल्लीपर्यंत जायचा ना? मग!" झाला निकाल.

कौतिकचा थोरला भाऊ सुपडू. गावातला मानाचा माणूस, मारुतीच्या पारावर त्याचा शब्द चालायचा. धाकट्या सुनेनं जेठासमोर पदर नाकापर्यंत ओढायचा, त्याच्याशी थेट बोलायचं नाही, बोलायचंच तर सासूला सांगायचं नाहीतर भिंतीकडं तोंड करून सांगायचं, ही त्या घरची रीत. चौदा वर्षांत रंभाबाईनं जेठाचे फक्त पाय पाहिले. त्याच्या डाव्या अंगठ्याचं नख वाकडं आहे हे तिला ठाऊक होतं, डोळे कसे आहेत हे नाही.

कौतिकच्या पाठोपाठ तिचंही रक्त तपासलं. रिपोर्ट आणायला बुऱ्हाणपूरला गेला सुपडू. आता जेठाला विचारणार कशी? ती चुलीपाशी बसून राहिली, सासू मथुराबाई ओसरीवर. सुपडू आला तो घरात आलाच नाही. सरळ पारावर गेला आणि चार लोकांत म्हणाला, "तिलेही आहे."

दुसऱ्या दिवशी हातपंपावर तिचा हंडा लाथेनं उडाला. कौतिकच्या दहाव्याला तापीवर भाऊबंदांतलं चिटपाखरू फिरकलं नाही. शहरातल्या माणसाला यात काय मोठं, असं वाटेल. पण त्या गावात दहाव्याला भाऊबंद नदीवर ओळीनं बसतात, न्हावी थोरल्यापासून डोकी भादरायला सुरू करतो आणि धाकट्यापर्यंत जातो. ज्याच्यासाठी ओळ बसली नाही तो माणूस मेलाच नाही म्हणायचं, कुत्रं मेलं. कौतिकसाठी एकच डोकं उतरलं, रंभाबाईच्या इच्छापूरच्या भावाचं, अनंताचं. तेही त्यानं स्वतःच्या हातानं, घरच्या ब्लेडनं उतरवलं. यादव न्हाव्यानं वस्तरा बाटेल म्हणून ऐन वेळी पाय मागं घेतला होता.

तेरावं उरकलं आणि सुपडूनं तिला नऊ वर्षांच्या मंगलासकट वाटेला लावलं. पुढच्या हंगामात कौतिकच्या वाट्याच्या वावरात सुपडूची केळी उभी राहिली.

रंभाबाई बुऱ्हाणपुरात आली. इतवाऱ्यात एक खोली घेतली, पॉवरलूमसाठी सुताच्या कांड्या भरल्या, मग दवाखान्यात आया म्हणून लागली. आणि एवढं सगळं करताना ती मरणाची वाट पाहत होती, बरं का. चार वर्षं. पोरीला कुशीत झोपवायची नाही. पोरगी गळ्यात पडली की तिला ढकलून द्यायची. तिच्या ताटातला घास उचलायची नाही, तिला आपला उचलू द्यायची नाही. नऊ वर्षांची पोर तेरा वर्षांची झाली आणि आई आपल्याला शिवत नाही, आपलं काय चुकलं, हे तिला कोणी सांगितलं नाही.

मग एक दिवस सुधाकरनं तिला बसवलं आणि तिचं रक्त काढलं. दवाखान्यात काम करते, एकदा बघून घेऊ म्हणाला. दुपारी तो स्वतः उठून तिच्याकडं आला. "रंभाबाई, साफ आहे." तिला खरं वाटेना. तेव्हा त्या मुखदुर्बळ माणसानं आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण केलं. "अहो, तुमचा तेव्हाही साफच होता. त्या वेळी मीच होतो इथं. तुमच्या जेठांना मी दोनदा समजावून सांगितलं. ते म्हणाले, कळलं."

रंभाबाई त्या दिवशी धावत घरी गेली आणि मंगलाला इतकी घट्ट धरून बसली की पोरगी घाबरली. ते आनंदाचं झालं. पण त्यानंतर तिनं जो डूख धरला, तो नागिणीनंही धरला नसता.

कागद घेऊन, पदर नाकापर्यंत ओढूनच, ती गावात गेली होती. सुपडू पारावरच होता. त्यानं कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. "कागदं काय, बाजारात भेटतात," म्हणाला. "दवाखान्यात झाडू मारते, कोणाकडून तरी लिहून घेतला असंल." आणि माना हलल्या. गावाचं तोंड धरता येत नाही. तेव्हाच तिला कळलं की डॉक्टरच्या सहीनं हे धुतलं जाणार नाही. ज्या तोंडानं सांगितलं, त्याच तोंडानं ते परत घेतलं पाहिजे, चार लोकांत. तिला वावर नको होतं. माफी तर अजिबात नको होती. सुपडूनं आपल्या तोंडानं म्हणावं, की रंभाचा रिपोर्ट साफ होता आणि मी खोटं बोललो. बस.

स्वतःसाठी म्हणून तिनं तेही सोडलं असतं एखाद वेळी. पण मंगला एकवीस वर्षांची झाली, शाळेत लहान पोरांना शिकवू लागली, दिसायला गुणाला लाखात एक. आधी रावेरचं स्थळ मोडलं. यंदा नेपानगरचं मोडलं, तेही साडी घेऊन झाल्यावर. मुलाकडचे चौकशीला गावात जाणार, गाव म्हणणार, पोरगी सोन्यासारखी, पण मायला तो रोग आहे. नेपानगरचा निरोप आला त्या संध्याकाळी मंगलानं पोरांच्या वह्या तपासायला घेतल्या आणि मान वर न करता म्हणाली, "आई, तू जिवाला लावून नको घेऊ." रंभाबाईनं तेव्हा सुपडूला ज्या शिव्या दिल्या, त्या इथं लिहिण्याजोग्या नाहीत.

आणि पंधरा दिवसांत सुपडूच आठ नंबरच्या दारात उभा राहिला.

त्याला हर्नियाचं ऑपरेशन करायचं होतं. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासतात, तसं तपासलं. सुरेश, त्याचा मुलगा, गाडी लावायला गेला होता. मॅडम मीटिंगला खंडव्याला. सुधाकरनं रिपोर्ट तयार केला, नाव वाचलं, रंभाबाईकडं बघितलं आणि तो तिच्या हातात दिला. एचआयव्ही नाही. हिपॅटायटिस बी आहे.

खोटं कशाला सांगू, तिला आनंद झाला. देवा, तुला डोळे आहेत रे बाबा, असं ती मनात म्हणाली, आणि मग नाव पुकारलं.

सुपडू आत आला. तिचा हात सवयीनं पदराकडं गेला. बारा वर्षं झाली होती तरी गेलाच. तिनं तो हात तिथंच धरला, पदर मागं खांद्यावर टाकला आणि जेठाच्या तोंडाकडं सरळ पाहिलं. डोळे घारे होते.

"बसा."

सुपडूनं इकडंतिकडं पाहिलं. "मॅडम नाहीत का?"

"नाहीत. मीच सांगते. तुमच्या रक्तात काविळीचा जंतू आहे. साधी कावीळ नाही, बी म्हणतात तिले. उसाच्या रसानं जाणारी नाही, रक्तात ठाण मांडून बसते. लिव्हर खाते हळूहळू."

"मले काही होत तर नाही."

"कौतिकलेही चार वर्षं काही होत नव्हतं." तिनं रिपोर्ट टेबलावर ठेवला. "कुठून आली मी विचारत नाही. कुठं जाते ते ऐका. सुईतून जाते, वस्तऱ्यातून जाते, नवऱ्याकडून बायकोले जाते, मायकडून लेकराले जाते. कौतिकच्या रोगाचे जे रस्ते, तेच हिचे रस्ते."

सुपडूच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे मले... तो?"

"तो नाही. त्याचा भाऊ. सख्खा."

सुपडूनं रिपोर्ट उलटा करून ठेवला. मग खुर्ची पुढं सरकवून हळूच म्हणाला, "कोणाले सांगू नको हं. तुमच्याकडं रूल आहे ना, की एकाचं दुसऱ्याले सांगत नाही?"

तेव्हा मात्र रंभाबाईला हसू आवरेना. ती अशी हसली की पलीकडं सुधाकरनं सुईचा डबा खाली ठेवला. चोर तो चोर, वर रूल सांगतो!

"आहे ना रूल," ती म्हणाली. "मी मेली तरी तोंड उघडणार नाही. पण तुम्हाले उघडावं लागंल. सासूबाईचा दहावा झाला तीन वर्षं झाली. मले बोलावलं नाही तरी मी आली होती, पुलावरून पाहिलं मी. अकरा डोकी होती ओळीत. यादवचा वस्तरा एक. पहिलं डोकं कोणाचं होतं? थोरल्याचं. तुमचं. पुढं त्याच ओळीत सुरेशचं. अन् सुरेशच्या शारदाले नववा महिना चालू आहे, हो ना?"

सुपडू वळून दाराकडं बघायला लागला.

"लेकराले जन्मल्यापासून एका दिवसात सुई टोचावी लागते. उशीर झाला की काही उपयोग नाही. तुम्ही असं करा, पारावर जा. माझा रिपोर्ट साफ होता अन् तुम्ही खोटं बोलले, हे सांगा. अन् तुमचाही सांगा, म्हणजे ती अकरा डोकी जांच करायले येतील. तेवढं करा, मग सुईचं मी बघते. नाही केलं, तर रूल म्हणजे रूल. मले काहीच ठाऊक नाही."

सुरेश दारात आला. सुपडूनं रिपोर्ट खिशात कोंबला आणि निघाला.

तो फाटकाबाहेर पडला नसेल, तोच रंभाबाई जिना चढून बाळंतिणींच्या वॉर्डात पोचली. निर्मला सिस्टरला म्हणाली, "शाहपूरकडची शारदा म्हणून एक पोरगी येईल वीस दिवसांत. तिच्या बाळाला काविळीची सुई लगेच द्यायची. बाटली आजपासून बाजूला काढून ठेवा. मागच्यासारखं, एका बाळासाठी दहा डोसांची बाटली कशी फोडू, असं म्हणाल तर मी इथं धरणं धरीन." निर्मलानं विचारलं, कशासाठी? "आहे काम," एवढंच ती बोलली. रंभाबाई डूख धरणारी होती, डाकीण नव्हती. त्या लेकरानं तिचं काय वाकडं केलं होतं?

पण हे सुपडूला ठाऊक नव्हतं, आणि तेवढीच तिच्या हातातली दोरी होती. बाळ जन्मून सुई टोचली गेली की दोरी तुटली. जे काही वदवून घ्यायचं ते त्याआधी. आणि मंगलाचं आयुष्य त्या वीस दिवसांवर टांगलेलं.

सुपडूनं काय केलं? बोलला? छे! सुंभ जळला तरी पीळ जातो का? तो गेला कावीळ उतरवणाऱ्या एका बुवाकडं. बुवानं त्याचे हात चुन्याच्या पाण्यात धुतले, पाणी पिवळं झालं, बुवा म्हणाला, उतरली. अशी कोणाच्याही हातावरून उतरते ती, हात माझे असोत की तुमचे. सगळी करामत त्या पाण्यात आधीच घोळून ठेवलेली असते. सुपडूनं गावात येऊन सांगितलं, कावीळ झाली होती, उतरवून आलो. मग काय, सारं गाव लोटलं. कोणी उसाचा रस आणला, कोणी मुळ्याचा पाला, कोणी पाय दाबून दिले.

अनंतानं इच्छापूरहून फोन करून हे सांगितलं तेव्हा रंभाबाई जेवत होती. तिनं ताट सारलं. माझ्या नवऱ्याला पाणी पाजायला कोणी उंबरा ओलांडला नाही. रस्ता तोच, रक्त तेच, आणि ह्याला उसाचा रस! त्या दिवशी तिला वाटलं, निर्मलाला सांगावं, ठेवू नका बाटली. वाटलं, हे खरं आहे. तिनं सांगितलं नाही, हेही खरं आहे.

तिनं सुपडूला दोनदा निरोप धाडला. उत्तर नाही. आणि शारदाला आठ दिवस आधीच कळा सुटल्या.

सकाळी दहाला तीन जीपगाड्या फाटकात आल्या. एक बाळंतीण आणि तीन गाड्या माणसं. गावची माणसं लग्नाला आणि दवाखान्याला अशीच येतात. शारदा आत गेली. वॉर्डाबाहेर एक लांब बाक आहे, सातआठ जण बसतील असा. सुपडू मधोमध बसला, त्याला खेटून दोन्हीकडं पुतणे आणि चुलतभाऊ, उरलेले समोर उकिडवे. कोणी त्याच्या खांद्यावर हात टाकलेला, कोणी तंबाखू मळून त्याला देतंय. सुरेश दाराशी येरझाऱ्या घालत होता.

रंभाबाई समोर येऊन उभी राहिली. पदर खांद्यावर. बायकांनी एकमेकींना कोपरं मारली आणि जराशा सरकल्या, ती 'रोगी' ना.

सुपडू उठून तिच्याजवळ आला. "रंभा, सुईचं काय?"

"पार इथून लांब आहे. पण माणसं तीच आहेत. बोला."

"आधी सुई दे. मग बोलतो, देवाशपथ."

"आधी बोला."

"पाया पडू का तुझ्या? जेठ आहे मी तुझा!"

"पाय नको. तोंड पाहिजे."

सुपडूचे ओठ हलले. खरंच हलले. आणि नेमकं तेव्हाच दार उघडलं. निर्मला सिस्टर हसत बाहेर आली. "मुलगी झाली! दोघी ठीक आहेत. आणि हो रंभाबाई, तुमची ती काविळीची सुई दिली बरं का. बारा दिवस माझं डोकं खाल्लंत, बाटली ठेवा, बाटली ठेवा. घ्या, दिली एकदाची!"

रंभाबाईच्या पायाखालची जमीन सरकली.

सुपडूनं सिस्टरकडं पाहिलं, मग रंभाबाईकडं. त्याला उमगायला थोडा वेळ लागला. "म्हणजे तू पहिल्यापासूनच..." आणि त्याचा चेहरा सैल झाला. तो परत जाऊन बाकावर बसला, पाय पसरले आणि म्हणाला, "सुरेश, पेढे घेऊन ये रे. लक्ष्मी आली घरात."

आठ वर्षं धरलेला डूख, आणि एक भोळी सिस्टर येऊन हसत हसत पाणी टाकून गेली. रंभाबाई भिंतीला टेकली. तिला मंगलाच्या त्या वह्या आठवल्या आणि रडू यायला लागलं.

पण सुरेश जागचा हलला नव्हता. "कसली सुई, सिस्टर?" त्यानं विचारलं. "बारा दिवस आधीपासून माझ्याच पोरीसाठी काहून?"

"घरात कोणाला कावीळ असेल म्हणून. मला काय माहीत, ह्यांना विचारा."

सुरेश वळला. "काकू?"

त्या घरातल्या कोणी बारा वर्षांत तिला काकू म्हटलं नव्हतं. तिनं पदरानं डोळे पुसले. "मले रूल आहे, बाप्पा. तुझ्या बापाले विचार."

"अरे काही नाही," सुपडू घाईघाईनं म्हणाला. "माझीच ती. डाक्टरनं इथंच सांगितली होती, बी का काय म्हणतात. उतरवून आलो ना मी!"

"हात्तिच्या, कावीळ!" बाकावरचे हसले. कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली.

आणि रंभाबाई ताठ झाली. पेशंट आपल्या तोंडानं बोलला होता. आता रूल तिच्या आड येत नव्हता, तर तिच्या पाठीशी उभा होता. समोरच्या भिंतीवर सरकारी पोस्टर लावलेलं होतं. ती त्याच्यापाशी गेली आणि एकेक ओळीवर बोट ठेवून, शाळेतल्या पोरांना सांगावं तसं मोठ्यानं सांगायला लागली. "हिपॅटायटिस बी. एक, हात धुऊन ही उतरत नाही. दोन, ही रक्तातून जाते. तीन, एकच वस्तरा अनेकांनी वापरला तर जाते." ती थांबली, वळली. "मथुराबाईच्या दहाव्याले पहिलं डोकं कोणाचं होतं रे? अन् त्याच वस्तऱ्यानं पुढं कोणाकोणाची झाली?"

एकाचा हात आपोआप डोक्यावर गेला. मग दुसऱ्याचा. मग बाकावरून सुपडूचा चुलत पुतण्या उठला. त्याच्या शेजारचा उठला. खांद्यावरचा हात निघाला, मळलेला तंबाखू खाली सांडला. बघता बघता सगळा बाक रिकामा झाला आणि मधोमध एकटा सुपडू उरला. बायका पदर तोंडाला लावून भिंतीकडं सरकल्या. सुरेशसुद्धा दोन पावलं मागं गेला.

रंभाबाईनं ते डोळे भरून पाहिलं. हंडा लाथाडला होता तेव्हा माणसं अशीच सरकली होती, अगदी अशीच. तिला फार बरं वाटलं. ज्याला हे वाईट वाटेल त्यानं तिच्या जागी बारा वर्षं काढून बघावीत.

"अरे बसा रे!" सुपडूचा आवाज चिरकला. "बसल्यानं होते का कधी? सोबत जेवल्यानं होते का? रंभा, सांग ना ह्यांले! तुले तर सारं ठाऊक आहे. सांग ना!"

"मी सांगू?"

"सांग!"

"माझं कोण ऐकणार, दादा? मलेही आहे ना. तुम्हीच सांगितलं होतं पारावर. रोगी बाई रोग्याचीच बाजू घेणार. कागद दाखवू म्हणता? कागदं तर बाजारात भेटतात."

सुपडूनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. आपलं म्हणावं असं एकही तोंड तिथं उरलं नव्हतं. त्याला वाचवू शकेल असं एकच माणूस त्या व्हरांड्यात होतं, आणि त्याच माणसाचा शब्द त्यानं स्वतःच्या हातानं मारून ठेवला होता.

"तिले काही नाही," तो पुटपुटला.

"मोठ्यानं."

"तिले काही नाही! कधीच नव्हतं!" तो ओरडला. "तिचा रिपोर्ट तेव्हाच साफ होता. सुधाकरनं मले दोनदा सांगितलं होतं. मी पारावर खोटं बोललो."

"काहून?" हे सुरेशनं विचारलं.

सुपडूनं मान खाली घातली. "वावरासाठी."

मग कोपऱ्यातली एक म्हातारी 'अरे देवा' म्हणून मटकन खाली बसली. आणि रंभाबाईचा नेहमीचा, आठ नंबरचा आवाज लागला.

"ऐकलं सगळ्यांनी? गावात जाऊन जसंच्या तसं सांगायचं. नेपानगरवाले चौकशीले आले होते ना, त्यांना ज्यानं सांगितलं असंल, त्यानं उद्या जाऊन हे सांगून यायचं. आता दुसरं. ओळीत बसलेले अकराही जण उद्या सकाळी रक्त द्यायले यायचं, बायकोसकट. निघाली तर औषध आहे, नाही निघाली तर लस आहे. शारदाचं रक्त आजच घेते. अन् तिसरं." तिनं बाकाकडं बोट केलं. "शेजारी बसल्यानं हे होत नाही. एका ताटात जेवल्यानंही होत नाही. कौतिकचंही होत नव्हतं. बसा जाऊन."

कोणी बसलं नाही.

अशा वेळी रंभाबाई स्वतः पेशंटच्या शेजारी जाऊन बसते, त्याच्या पेल्यातलं पाणी पिऊन दाखवते. माणसांची भीती मोडायला दुसरा इलाज नाही, हे तीच नव्या पोरींना शिकवते. सुपडूलाही कोणीतरी हे सांगितलं असावं, कारण त्यानं बाकावर सरकून जागा केली आणि तिच्याकडं पाहिलं.

रंभाबाईनं ती जागा पाहिली. मग निर्मला सिस्टरकडून शारदाचा कागद घेतला आणि रक्ताची नळी आणायला आठ नंबरकडं निघून गेली.